पट्टा बोंबलतोय, बाई

शांतक्का कानात सांगतात ते चौथ्या मजल्यावर ऐकू जातं. मी तिसऱ्या मजल्यावर, त्यांच्या समोरच्याच दारात राहते, त्यामुळे माझी काही सुटका नाही. एकदा त्यांनी मला जिन्यात कोपऱ्यात ओढलं, वरखाली पाहिलं, तोंडावर पदर धरला आणि खास माझ्यापुरतं म्हणून सांगितलं, "बाई, कुणाला बोलू नका, तळमजल्यावरच्या जोशीबाईंचा जावई नोकरी सोडून घरी बसलाय." तळमजल्यावर धाडकन दार लागलं. शांतक्का म्हणाल्या, "वारं लई सुटलंय."

नाव ठेवणाऱ्यांची यात चूक नाही. बारशाच्या वेळी त्यांना गिरणीचं ठाऊक नव्हतं. दुधनीला शांतक्कांच्या घरची पिठाची गिरणी होती. नवरा अचानक गेला तेव्हा मुलगा मल्लिनाथ सात वर्षांचा. महिन्याभरात शांतक्कांनी गिरणीचं दार उघडलं आणि पुढची तीस वर्षं त्या घरघरीच्या वरच्या पट्टीत बोलत राहिल्या. मल्लिनाथ शिकला, सोलापुरात नोकरीला लागला, त्यानं फ्लॅट घेतला, आईला आणलं, गिरणी विकली. आईचा आवाज तेवढा आहे तिथंच राहिला.

दुसरी सवय बोटांची. हाताला लागेल ते अंगठ्यात आणि बोटात धरून चोळून बघायचं. रांगोळी, कपड्याची पावडर, कुंडीतली माती, काहीही. आमच्या इमारतीच्या पूजेला प्रसादाचा शिरा हातावर पडला तर तो चोळून बघून म्हणाल्या, "रवा जाड काढलाय." गुरुजी पुढचा मंत्र विसरले. मी एकदा नवी फेस पावडर आणली होती. ती चोळून त्यांनी मान डोलावली. "हे मातर चांगलं दळलंय."

माणसंही त्यांना दळणावरूनच आठवतात. दुधनीचं कुणाचं नाव काढलं की डोळे बारीक करायचे. "तो व्हय? पाच किलो ज्वारी, एक किलो डाळ. सरळ माणूस. त्याच्या भावाच्या ज्वारीत खडे असायचे." एवढ्यावर त्या भावाचा निकाल लागायचा.

आता माझ्या गाडीचं सांगते. होटगीच्या पुढं एका गावात मी शाळेवर शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी मी विजेवर चालणारी मोटरसायकल घेतली. स्कूटर नव्हे, मोटरसायकल. सासरी-माहेरी सगळ्यांनी एकमुखानं नको म्हटलं होतं. एरवी या दोन घरांचं कशातच जमत नाही. नवरा नोकरीनिमित्त पुण्यात असतो. तो फोनवर म्हणाला, "तुला पाहिजे तर घे, पण मग मला सांगायचं नाही." मी घेतली. या गाडीला साखळी नसते. मोटारीपासून मागच्या चाकापर्यंत रबराचा दातेरी पट्टा असतो, त्यानं चाक फिरतं. आवाज नाही, तेल नाही, साडीला डाग नाही. मी सुखात होते.

मग एका सोमवारी गाडी ओरडायला लागली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला कुईं. वेग वाढला की कुईं कुईं कुईं, कुत्र्याच्या पिल्लाच्या शेपटीवर कुणी पाय देत चाललंय असं. होटगीच्या चौकात लोक वळून बघायचे. शाळेची पोरं मी फाटकात शिरायच्या आत जागेवर बसून पाढे म्हणायला लागायची. तेवढाच फायदा. पण होटगीपासून शाळेपर्यंत मधे बराचसा रस्ता असा आहे की बाभळींशिवाय कुणी नाही. तिथं पट्टा तुटला तर काय, या विचारानं माझे हात हँडलवर घट्ट व्हायचे.

उपाय सांगणारे पुष्कळ. आमचे वॉचमन सलीमचाचा म्हणाले, "खोबरेल तेल मारो मॅडम, चूप हो जाताय." मारलं. दोन दिवस गाडी चूप झाली, मग तेलावर धूळ बसून काळा लगदा झाला आणि आवाज दुप्पट. शाळेतल्या गुरुजींनी टाल्कम पावडर सुचवली. त्यानं गाडीला नुसता वास चांगला आला. शेवटी ज्या दुकानातून गाडी घेतली तिथं गेले. तिथल्या मुलीनं दोन मिनिटं गाडी चालवून पाहिली आणि सांगितलं, पट्टाच बदलावा लागेल, तो मागवायला तीन आठवडे जातील, तोवर गाडी चालवू नका.

तीन आठवडे म्हणजे रोज दोन वाहनं बदलून पुढं फाट्यापासून पायी. तेही जमवलं असतं. पण रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही, हसलाही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "विकून टाक ना. कशाला एवढा त्रास?" ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पार्किंगमध्ये गाडी पुसत होते. विकायची तर निदान स्वच्छ असावी. शांतक्का गॅलरीतून वाकल्या. "बाई, पट्टा बोंबलतोय तुमचा. आठ दिस झाले ऐकतीय."

"बदलावा लागणार आहे, अक्का."

"कोण म्हनलं?"

"दुकानवाले."

त्या खाली आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकाशी उकिडव्या बसल्या, पट्ट्याखालची काळी भुकटी बोटावर घेतली आणि चोळली.

"ह्यात तेल कुणी घातलं?"

सलीमचाचा गेटपाशी काहीतरी काम आठवून निघून गेले.

"तेल घालत्यात का पट्ट्याला," शांतक्का म्हणाल्या, "दळणात पाणी घालाल का तुमी?" मग परत भुकटी चोळली. "हे रबर हाय. पट्टा झिजतोय. पण हितं बघा, काळं सगळं बाहेरच्या अंगाला पडलंय. आतल्या अंगाला काय न्हाय. पट्टा एकाच बाजूनं घासतोय. पंक्चर काढलं होतं का मागं?"

"काढलं होतं. महिना झाला असेल."

"मागचं चाक काढलं होतं?"

"हो."

"मग तितंच झालं. चाक परत बसवताना तिरकं बसवलंय त्यानं. पट्ट्याचा काय दोष न्हाय." त्यांनी पट्ट्यावर हात फिरवला, म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा. "भेग न्हाय, दात शाबूत हायत. लई चालतोय अजून."

मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी शंका आली. दुकानातल्या मुलीकडं यंत्र होतं, संगणक होता. इथं नऊवारी नेसलेल्या बासष्ट वर्षांच्या बाई होत्या. माझ्या तोंडावर ते दिसलं असणार. शांतक्का म्हणाल्या, "गिरणीचा पट्टा बिघडला की दुरुस्तीवाला अक्कलकोटहून यायचा आमच्याकडं. त्याच्या मनात येईल तवा. तवर लोकांनी खायचं काय? मग मीच शिकले. तुमी साबणाचं पाणी आणा, जुना ब्रश आणा आन् सुतळी आणा."

मी सगळं घेऊन खाली आले तोवर त्याही वर जाऊन आल्या होत्या. हातात पोत्याच्या फडक्यात गुंडाळलेले पाने होते, लहानमोठे सात-आठ, गंज न लागलेले. "पलंगाखाली असत्यात," त्या म्हणाल्या. "वैशालीला वाटतं जुनी भांडी हायत." वैशाली म्हणजे त्यांची सून. हे त्या बेतानं म्हणाल्या, म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंतच गेलं असेल.

आधी आम्ही पट्टा धुतला. दातादातातून ब्रश फिरवून तेलाचा लगदा काढला आणि कोरडा केला. मग त्यांनी मला सुतळीचं एक टोक पुढच्या पुलीशी धरायला लावलं, दुसरं स्वतः मागच्या पुलीच्या काठाला टेकवलं. "बघा." पुढं सुतळी चिकटून होती, मागं एका काठाला टेकलेली आणि दुसऱ्या काठाशी फट. मी वर्गात भूमिती शिकवते. सरळ रेषा इतकी पटल्याचं मला आठवत नाही.

मागच्या चाकाच्या आसाचा मोठा नट त्यांनी पान्यावर पाय देऊन सैल केला. दोन्ही बाजूंना चाक मागं-पुढं करायचे स्क्रू असतात आणि शेजारी रेघा. डावीकडं खूण तिसऱ्या रेघेवर होती, उजवीकडं जवळजवळ चौथीवर. "तडी, तडी," त्या कानडीत स्वतःलाच थांबवत होत्या. पाव फेरा फिरवायचा, चाक हातानं फिरवायचं, पट्टा कुठल्या काठाला जातो ते बघायचं. परत पाव फेरा. दोनदा जास्त झालं, दोनदा मागं घेतलं. मल्लिनाथ बाहेरून भाजी घेऊन आला, आईला पान्यावर उभी बघून थबकला. "आई, अगं मेकॅनिक आहेत की." त्या म्हणाल्या, "हायत की. तू भाजी घेऊन वर जा." तो गेला, पण त्याचा चेहरा उतरला होता.

शेवटी पट्टा मधोमध पळायला लागला. त्यांनी तो दोन बोटांनी खाली दाबून बघितला. "लई ताणला तरी बोंबलतो, लई ढिला तरी दात सोडतो. आता बरा हाय. कसा नट." मी कसला.

"चालवून बघा."

मी गाडी सुरू केली. गेटबाहेर पडले, वळणापर्यंत गेले. काही नाही. वेग वाढवला. काही नाही. फक्त टायर रस्त्यावरून जाताना होतो तेवढा सरसर आवाज. मी होटगी रस्त्यानं उगाचच पार पुलापर्यंत गेले, कान देऊन, श्वास धरून. परत येताना लक्षात आलं की मी हसतेय आणि माझे हात हँडलवर सैल आहेत. घरी येऊन नवऱ्याला फोन केला. "नाही विकत," एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "बरं झालं." आणि त्याच्याही आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरं मला दारात बघून दचकली. संध्याकाळी मी शेंगाचटणी कुटली, डबा भरला आणि समोरचं दार वाजवलं. वैशालीनं उघडलं. "आई देवळात गेल्यात. रोजच जातात या वेळेला."

चटणी त्यांच्या हातातच द्यायची होती. देऊळ मागच्याच गल्लीत आहे, मी गाडीवरूनच गेले. देवळात पुजारी आणि दोन म्हातारे. शांतक्का नव्हत्या. परतताना पुढच्या बोळातून आले, तर तिथल्या पिठाच्या गिरणीत, रिकाम्या तेलाच्या डब्यावर, शांतक्का बसलेल्या. गिरणीवाला दिसत नव्हता. पाच-सहा बायका रांगेत होत्या. कडेवर लेकरू घेतलेली एक जण म्हणत होती, "अक्का, माझं आधी काढा की, हे रडतंय." शांतक्कांनी तिचा डबा ओढून पुढं घेतला. मागची कुरकुरली, तिला त्यांनी हातानंच गप्प केलं. मग चक्कीत ज्वारी ओतली आणि खाली पीठ पडायला लागलं तसा त्यांचा चेहरा असा झाला, जसा मी त्यांच्या घरात एकदाही पाहिला नव्हता.

मी हाक मारली नाही. गाडी वळवली आणि लांबच्या रस्त्यानं घरी आले. मल्लिनाथनं शपथच घेतली होती, हे मला वैशालीनं पूर्वी सांगितलं होतं. आईनं जन्मभर लोकांचं दळलं, आता तिनं गिरणीची पायरी चढायची नाही. चांगल्या मनानं घेतलेली शपथ. तिच्यापुढं कोण काय बोलणार?

डबा वैशालीच्या हातात दिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "देवळात आज फार गर्दी आहे. आईंना उशीर होईल."

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मग दार जरा ओढून घेतलं, आत मल्लिनाथ टीव्हीसमोर होता.

"रोज पदराला पीठ असतं त्यांच्या," ती म्हणाली. "त्या लुगडं बदलून हातपाय धुवायला गेल्या की मी ते गॅलरीत झटकून ठेवते. यांना दिसायला नको."

"आईंना माहीत आहे, तुला कळलंय ते?"

"नाही. मी जेवताना विचारते, आई, आज देवळात काय होतं. त्या सांगतात, लई गर्दी होती."