डावीकडे वळणारा गळ

पवनारला धाम नदीच्या काठी एक काळाशार खडक आहे. आमचे शेजारी डोमाजी रोज सकाळी त्यावर पाण्याने जपानी अक्षरे काढत बसत. हा माणूस वर्ध्याच्या जिनिंग कारखान्यात कापसाच्या गाठींवर मार्का मारणारा. मराठीत सही करतानाही त्याला घाम फुटे. पण जपानी म्हटले की स्वारी खुशीत.

साधने सगळी जिनिंगचीच. मार्क्याचा जाड ब्रश, पाण्याचा गडू, आणि गाठींना बांधायच्या जुन्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एकेक अक्षर. एक चिठ्ठी पुढ्यात ठेवायची, अक्षर गिरवायचे आणि उन्हात ते विरेपर्यंत बघत राहायचे.

"हे पाहा मास्तर, हे बसलेलं वासरू. ही उघडी चोच. अन् हा मासे धराचा गळ." असे करत करत चाळीसेक अक्षरे त्यांना पाठ होती.

"वाळून जातं, मग काढता कशाला?" मी विचारी.

"वाळते म्हणून तं उद्या पुन्हा काढता येते."

ते विरणारे पाणी बघता बघता मला शाळेला उशीर होई, आणि त्याचे वाईटही वाटत नसे.

एका हिवाळ्यात गावात एक तरुण जपानी साधू आला. मी मोठ्या ऐटीत त्याला खडकावर नेले. तो हरखला, मात्र गळापाशी थबकला.

"यह उल्टा है," तो हसून म्हणाला. "मुँह दाहिने." आणि त्याने ब्रशसाठी हात पुढे केला.

डोमाजींनी ब्रश पाठीमागे लपवला. "नाई. असाच राहू द्या."

"अहो, साक्षात जपानी माणूस सांगतोय," मी वैतागलो.

त्यांनी गळाची चिठ्ठी माझ्या हातात दिली. शाई विटलेली, अक्षर लहान मुलाच्या हातचे, गळ डावीकडे.

"सुमीनं काढला हाय."

सुमी त्यांची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी गावात राहिलेल्या एका जपानी भिक्षूकडून ही अक्षरे शिकली आणि नवव्या वर्षी तापाने गेली.

"मले का जपानी शिकाचं हाय, मास्तर? तिचं वळण हातातून जाऊ नये म्हणून गिरवून राह्यलो."

मला माझ्या वैतागण्याची लाज वाटली. मी साधूला हिंदीत सगळे सांगितले. त्याने चिठ्ठीवरचा गळ निरखून पाहिला. मग त्याने पुन्हा हात पुढे केला, आणि या वेळी डोमाजींनी ब्रश दिला.

साधूने खडकावर बसून सावकाश एक गळ काढला, डावीकडे वळणारा.

डोमाजींनी वाकून तो नीट तपासला.

"आता जमलं तुमाले," ते म्हणाले.