परातीचा पदर

"यंदाच्या संक्रांतीले त्या केसरबाईचं तोंड सुपारीएवढं करून नाही दाखवलं, तर नावाची झुंबरबाई नाही मी!"

ही प्रतिज्ञा झुंबरबाईंनी दिवाळीतच, नवऱ्याच्या ताटात भाकर वाढता वाढता केली. महादेवराव नांदुऱ्याच्या सरकी काढायच्या एका जिनात कापसाच्या गाड्या मोजून घेत. त्यांनी भाकर मोडली आणि विचारलं, "वरण हाय का अजून?" प्रतिज्ञेचं पुढे काय झालं, ते त्यांना कळायला दोन महिने लागले.

आता या केसरबाई कोण? तर झुंबरबाईंच्या अगदी समोर राहणाऱ्या. माहेर जळगाव जामोदचं, स्वभाव गरीब, आणि हाच त्यांचा मोठा गुन्हा! भांडखोर असत्या तर झुंबरबाईंनी दोन दिवसांत हिशेब मिटवला असता. मागच्या संक्रांतीला केसरबाईंनी हळदीकुंकवाला जुन्या काळचा थाट केला. फोटोतल्या आजेसासवांचं असतं तसं फुग्याच्या बाह्यांचं पोलकं, गळ्याला झालर, जरीकाठी लुगडं आणि खांद्यावर पिन लावलेला पदर! महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झालेली. गावातल्या बायका नायलॉनच्या साडीसाठी जीव टाकत होत्या, आणि ही बाई पन्नास वर्षं मागे जाऊन सगळ्यांना भारी पडली!

"माय वं! कुठून आणलं हे?" बायका नुसत्या तुटून पडल्या.

"जुनंच हाय बाई. कापून-जोडून केलं," केसरबाई लाजत म्हणाल्या.

त्या दिवशी झुंबरबाई कोऱ्या करकरीत नायलॉनमध्ये कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहिलं ते फक्त केसरबाईंच्या मांजराने, तेही जांभई देऊन. घरी आल्यावर त्यांना ताप भरला. वैद्याने पित्त म्हणून सांगितलं. पित्त कसलं? हेवा होता तो, शुद्ध हेवा!

आणि दिवाळीनंतर एका दुपारी खिडकीतून त्यांना सगळं गुपित दिसलं. जुने कपडे घेऊन त्यावर भांडी देणारी जनकाबाई केसरबाईंच्या ओट्यावर बसली होती. मध्ये कपड्यांचं गाठोडं उघडं, एका बाजूला जनकाबाई, दुसऱ्या बाजूला केसरबाई. दोघी जरीची लुगडी उलटून-पालटून बघत होत्या.

"अस्सं! म्हणजे ही बया गाठोड्यातून कपडे घेते!" झुंबरबाईंनी कपाळावर हात मारला.

जनकाबाई रस्त्यावर उतरते ना उतरते, तोच झुंबरबाईंनी तिला हाताला धरून घरात ओढलं आणि दाराला कडी घातली.

"उघड गाठोडं. हे जरीचं लुगडं मले दे. काय घेशील? तांब्या घेतेस?"

जनकाबाईने डोळे चोळले. "बाई, मी भांडे देते आन कपडे घेते. तीस वर्सं झाले. तुमी उलटं काऊन करून राह्यल्या?"

"समोरच्या घरी चालते, मंग मले काऊन नाही?"

"अवं बाई, समोरच्या घरचं येगळं हाय. त्या त मले..."

"त्या घरचं नाव काढू नको माझ्यासमोर! आन तिले सांगशील त पाह्य!"

जनकाबाईने तांब्या उचलला. धंदा उलटा असो की सुलटा, चालता असला म्हणजे झालं.

मग काय विचारता! दर आठ दिवसांनी जनकाबाई केसरबाईंच्या ओट्यावरून उठायची आणि सरळ झुंबरबाईंच्या घरात शिरायची. येताना गाठोडं, जाताना पितळ. झुंबरबाई एका लुगड्याचे काठ उसवत, दुसऱ्याला लावत. मखमली पोलक्याच्या बाह्या काढून त्यांचे फुगे करत. गळ्याची झालर तर कुण्या पाळण्याच्या पडद्याची होती. पण काय सुंदर! शिवणाची मशीन दिवसभर खडखडत होती आणि स्वयंपाकघर हळूहळू ओकंबोकं होत होतं.

एके सकाळी महादेवराव टॉवेल गुंडाळून दारात उभे राहिले.

"अवं, माझा आंघोळीचा तांब्या कुठी हाय?"

"त्याची बाही झाली."

"काय झाली?"

"बाही! पोलक्याची. फुग्याची हाय, म्हणून संग सहा वाट्या गेल्या."

"आन परात?"

"तिचा पदर झाला."

"आन माझं घंगाळ?" महादेवरावांचा आवाज आता बारीक झाला होता.

"त्याचे काठ. दोन्हीकडचे."

"मंग मी आंघोळ कशात करू? तुह्या झंपरात?"

"आठ दिवस जरा कळ काढा ना! संक्रांत होऊन जाऊ द्या!" महादेवराव टॉवेल सावरत विहिरीवर गेले.

आली संक्रांत! केसरबाईंच्या घरी हळदीकुंकू. झुंबरबाई मुद्दाम उशिरा निघाल्या. दारात पाऊल टाकलं आणि वीस माना एकदम वळल्या! कुंकवाची बोटं कपाळाशीच थांबली. केसरबाई यंदा साध्या काळ्या चंद्रकळेत होत्या. जिंकली! झुंबरबाईंना वाटलं, आता मेलं तरी चालेल.

"माय माय माय! काय दिसून राह्यली वं झुंबर!" शेजारच्या शालूबाई ओरडल्या.

"जुनंच हाय बाई, कापून-जोडून केलं." हे वाक्य झुंबरबाईंनी आरशासमोर चाळीसदा घोकलं होतं.

केसरबाई जवळ आल्या. काठावरून बोट फिरवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "अवं, हे त माह्या आत्याबाईच्या शालूचे काठ! कसर लागली म्हणून देल्ला होता मी जनकाबाईले. आन या बाह्या! गळ्यात बसे ना म्हणून तेही पोलकं देल्लं होतं. मायेरच्या पेटीतलं चांगलं-चांगलं ठेवलं, बाकी सारं तिले. बरं झालं बाई, वाया नाही गेलं!"

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. झुंबरबाईंनी घाईघाईने कुंकवासाठी मान पुढे केली, हात उचलला, आणि उजवी बाही खांद्यापासून कोपरापर्यंत फर्रर्र! पन्नास वर्षांची मखमल, ती तरी किती सोसणार?

पदराने दंड झाकून त्या खाली बसल्या. समोर तिळाचे लाडू आले. परात ओळखीची वाटली. ओळखीची कसली, त्यांचीच होती! तोवर केसरबाई वाण वाटायला लागल्या. प्रत्येकीच्या हातात एकेक पितळी वाटी, पेला, तांब्या.

"यंदा जनकाबाईनं जुन्याच्या बदल्यात लयच भांडे देल्ले," केसरबाई कौतुकाने सांगत होत्या. "म्हटलं सगळ्याइले वाण देऊ!"

शालूबाईंनी पेला डोळ्यांजवळ नेला. लग्नातल्या भांड्यांवर नावं कोरायची रीतच होती. त्यांनी शाळेतल्या पोरीसारखं मोठ्याने वाचलं, "सौ. झुंबरबाई महादेवराव, नांदुरा, सन एकोणीसशे एक्कावन."

"माह्यावरबी तेच!" दुसरी ओरडली. "माह्यावरबी!" तिसरी.

मग जे हसणं सुटलं, ते स्टेशनापर्यंत ऐकू गेलं असेल. एकट्या केसरबाई हसल्या नाहीत. जीभ चावून त्या म्हणाल्या, "देवाशप्पथ झुंबरबाई, मी वाचलंच नाही वं!" ते तर फारच लागलं. हसली असती तर भांडता तरी आलं असतं! आता दिलेलं वाण परत मागता येत नाही आणि पुढ्यात आलेलं नाकारता येत नाही. वीस घरांत झुंबरबाईंचा संसार गेला. त्यांच्या वाट्याला त्यांचीच एक वाटी आली, ती त्यांनी पदरात घेतली आणि घर गाठलं.

महादेवराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. लग्नाला बारा वर्षं झाली, पण बायको काय नेसली हे या माणसाने कधी पाहिलं नव्हतं. आज त्यांनी मान वर केली. अडकित्ता हातातच राहिला. पायांपासून डोक्यापर्यंत नीट, सावकाश पाहिलं. झुंबरबाई फाटकी बाही झाकून ताठ उभ्या राहिल्या. गेली भांडी तर गेली, हसल्या बायका तर हसू देत! निदान घरच्या माणसाने पाहिलं!

"वा!" महादेवराव म्हणाले. "केसरबाईसारखं नेसली वाटते! मागच्या संक्रांतीले तिचं असंच होतं. आंबा रंगाचं लुगडं, हिरवे काठ, बाहीले बारीक सोनेरी किनार, आन डाव्या खांद्यावर मोराची पिन. तिले काय शोभून दिसे वं ते!"