कॉन्टॅक्ट लेन्सबाबत आमच्या घरचा ठराव

माणसाला डोळे दोन कामांसाठी दिलेले असतात: पाहण्यासाठी आणि दिसण्यासाठी. पुरुषांच्या बाबतीत पहिलं काम मुख्य धरतात, बायकांच्या बाबतीत दुसरं. ही विभागणी कुणी केली याची नोंद मला आमच्या वाचनालयात सापडली नाही (मी तिथली ग्रंथपाल आहे, तेव्हा शोधण्यात हयगय झाली असेल तर ती माझीच). पण ती उत्तम चालली आहे, आणि उत्तम चाललेल्या गोष्टीचा उगम शोधत बसू नये.

माझ्या चष्म्याचा नंबर उणे नऊ आहे. चष्मा काढला की समोर माणूस आहे एवढं कळतं. कोण आहे, हे तो बोलल्यावर कळतं. लोणावळ्यात ही फार मोठी अडचण नाही. पावसाचे चार महिने इथे धुकं असतं आणि तेव्हा चष्मेवाल्याला आणि बिनचष्मेवाल्याला सारखंच दिसतं, म्हणजे काहीच नाही. भुशीच्या रस्त्यानं जाणारे मुंबईचे पाहुणे तर त्यासाठीच येतात. अडचण उरलेल्या आठ महिन्यांची आहे, कारण मुली पाहण्याचे कार्यक्रम त्यात होतात.

मुलगी दाखवताना तिचा चष्मा काढून ठेवायचा, हा नियम सर्वत्र आहे. आमच्या घरी तो पाळण्याची एक पद्धत बसली होती. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात माझा चष्मा काढून घेई आणि हातात पोह्यांचं तबक देई. तिथून पाहुण्यांपर्यंत अकरा पावलं. ती मी आबांच्या खोकल्यावर चालत असे. आबा म्हणजे माझे वडील. लोणावळ्याच्या पोस्टात होते. एक खोकला म्हणजे सरळ ये. दोन म्हणजे उजवीकडे वळ. घसा खाकरला की थांब, समोर मुलाची आई बसली आहे. आदल्या संध्याकाळी आम्ही रीतसर तालीम करत असू. चार वर्षांत सहा कार्यक्रम झाले आणि घोटाळा एकदाच झाला. त्या दिवशी आबांना खरोखरच सर्दी झाली होती. मी तबक घेऊन खोलीला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि शेवटी पोहे खिडकीतून डोकावणाऱ्या शेजारणीला दिले. (ती अजूनही त्या पोह्यांबद्दल चांगलं बोलते.)

गेल्या भाद्रपदात आबा गेले. त्यामुळे दोन गोष्टी झाल्या. बाप गेला की घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत लागू झाली. मला अठ्ठाविसावं चालू होतं. तीन वर्षं थांबून जो आकडा होतो तो आमच्या भावकीत मोठ्यानं उच्चारत नाहीत. आणि दुसरी गोष्ट, खोकणारं कोणी उरलं नाही.

तेव्हा चष्म्याला पर्याय शोधण्यासाठी पौष महिन्यात समिती बसली. थोरले चुलते भिमाजीअण्णा, औंढ्याला शेती, हे अध्यक्ष. बजरंगमामा रेल्वेत फिटर, म्हणून तांत्रिक सल्लागार. कामशेतची कस्तुराबाई आत्या हा विरोधी पक्ष (सर्व विषयांवर). आईला मत नव्हतं, कारण ती चहा करत होती. मला मत नव्हतं, कारण मी विषय होते.

मामानं पेपरात कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल वाचलं होतं. बुबुळावर बसणारं, बाहेरून न दिसणारं भिंग. १९७१ साली अशी वस्तू थेट पुण्यात मिळते, याचा त्याला रेल्वेखात्याइतकाच अभिमान वाटत होता.

"डोळ्यात काच?" अण्णा म्हणाले. "बैलाच्या डोळ्यात कुसळ गेलं तर आमी चौघं धरून काढतो, आन् ही सोताच्या हातानं घालनार?"

"काच न्हाई अण्णा, पलाष्टिक हाय," मामा म्हणाला. "फिटिंगचं काम हाय. बसायला येळ लागतो."

"आन् डोळ्याच्या मागं गेली तर?"

"मागं जागाच न्हाई."

"तुला काय म्हाईत? तू इंजनाचा फिटर का डोळ्याचा?"

आत्याचा आक्षेप वेगळा होता. "भिंगं घाला न्हाईतर दुर्बीण लावा," ती म्हणाली. "जी पोर बापाच्या तेराव्यापातुर रडली न्हाई, तिच्या डोळ्यात काय बी घालून काय उपेग?"

मुद्दा खरा होता. आमच्या मावळात घरी कोणी गेलं की येणारी प्रत्येक बाई दारातच घरच्या लेकीच्या गळ्यात पडते आणि दोघी मोठ्यानं रडतात. ती भेटण्याची पद्धत आहे. तिच्याशिवाय आलेलं माणूस आल्यासारखं धरत नाहीत. आत्यानं ठेवलेल्या मोजदादीनुसार तेरा दिवसांत दोनशे चौदा माणसं येऊन गेली. त्यांतल्या एकसष्ट बायका माझ्या गळ्यात पडल्या. माझ्याकडून झालेलं रडणं: शून्य. मी त्या दिवसांत काय करत होते, हेही आत्यानं टिपून ठेवलं होतं. मी आलेल्यांच्या चपला जोडीनं लावत होते.

समितीनं विषय पुढच्या बैठकीकडे ढकलला आणि मला मामाबरोबर पुण्याला पाठवलं.

डोळ्यांचे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी मापं घेतली, नमुन्याच्या लेन्स माझ्या डोळ्यांत बसवल्या आणि दोन तास बाहेर बसायला सांगितलं. सवय होईपर्यंत डोळ्यांतून पाणी येतं, असं ते म्हणाले. ते मला म्हणाले. मामाला म्हणाले नाहीत. मी बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा माझ्या गालांवरून दोन्ही बाजूंनी धारा लागल्या होत्या. मामानं माझ्याकडे पाहिलं. चार महिने तो याच क्षणाची वाट पाहत असावा. "रड, बाय," तो म्हणाला, "आता रड," आणि स्वतःच हुंदके देऊ लागला. त्याचं पाहून शेजारची एक बाई रडू लागली, तिचं पाहून तिची सासू. दवाखान्यात आठ रुग्ण होते, पैकी दोघांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं आणि त्यांना रडायला सक्त मनाई होती. डॉक्टरांनी बाहेर येऊन आम्हाला गॅलरीत बसवलं.

पंधरा दिवसांनी लेन्स तयार होऊन आल्या. एका छोट्या डबीत, डावी आणि उजवी. सोबत सूचनांचा कागद. धुरात, धुळीत व झोपेत वापरू नये. डोळे चोळू नयेत. लेन्सला थुंकी लावू नये. सलग चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये. लेन्स खाली पडल्यास खोलीतील कोणीही हलू नये. म्हणजे चूल, रस्ता, दुपार आणि पाहुणे एवढं वगळलं, तर लेन्स केव्हाही वापरता येत होत्या.

खरं सांगायचं तर त्या चांगल्या होत्या. चष्म्याला चौकट असते आणि चौकटीबाहेरचं जग उणे नऊच राहतं. लेन्स घातल्या की बाजूनं येणारी म्हैससुद्धा वेळेवर दिसे. पहिल्या दिवशी बाजारातून घरी येताना मी डोंगरावरच्या डुक्सच्या सुळक्यापर्यंत सगळं मान न वळवता बघत आले. वाचनालयात मात्र दर चार तासांनी लेन्स काढून धुवाव्या लागत, आणि त्या वेळात एका सभासदानं तीन पुस्तकं नोंद न करता नेली. फायदे-तोटे असे साधारण बरोबरीत होते.

एकदा घरात डावी लेन्स पडली. कागदातल्या सूचनेची तत्काळ अंमलबजावणी झाली. अण्णा दारातून आत येत होते. त्यांचा एक पाय हवेत राहिला.

"टेकू का?"

"थांबा अण्णा."

"आगं, पाय हाय, शिग्नल न्हाई."

सुमारे वीस मिनिटं आई, मामा आणि मी रांगत होतो. लेन्स मामाच्या चहाच्या कपात सापडली. तो दुसरा घोट घेणारच होता.

पण निर्णय झाला तो यातल्या कशानंच नाही. पुढच्या बैठकीला आत्या कामशेतहून आली, तेव्हा मी लेन्स घालून, वाहत्या डोळ्यांनी दार उघडलं. तिनं माझा चेहरा पाहिला, पिशवी खाली टाकली आणि मला मिठीत घेतलं. "आता कशी बापाची ल्येक दिसतीस," ती म्हणाली. मी तिला कारण सांगितलं. मामानंही सांगितलं. तिनं दोघांचंही ऐकून घेतलं आणि मनावर घेतलं नाही. विरोधी पक्षाचा पाठिंबा मिळाल्यामुळे लेन्सचा ठराव एकमतानं पास झाला. जिच्यामुळे मुलीला दिसतं, जी स्वतः दिसत नाही, आणि वर मुलगी रडतेही, अशी वस्तू समितीला दुसरी माहीत नव्हती.

माघात सातवा कार्यक्रम ठरला. मुलगा गोरख, देहूरोडला रेल्वेत सिग्नलच्या कामावर. बरोबर त्याची आई सरुबाई. त्याची नजर रेल्वेनं दर वर्षी तपासलेली होती, तेव्हा पाहण्याच्या कामी हे पाहुणे प्रथमच अधिकृत होते. त्यांची गाडी उशिरा आली. लेन्स घालून मला साडेतीन तास झाले होते आणि चुलीपाशी पोह्यांची फोडणी चालू होती.

अकरा पावलं मी कुणाच्याही मदतीशिवाय चालले. कुणी खोकलं नाही.

"का गं बाय," सरुबाईंनी विचारलं, "रडतीस का?"

"बापाची लय लाडकी व्हती," आत्यानं माझ्याआधी उत्तर दिलं. "अजून पानी खळत न्हाई डोळ्याचं."

सरुबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "जी पोर बापासाठी आशी रडती, ती म्हातारपनी आमालाबी पानी पाजंल. आमाला पोर पसंत हाय." सगळं मिळून चार मिनिटं. आमच्या घरचा हा उच्चांक आहे.

इथे मी गप्प बसले असते तर काम झालंच होतं. समितीतले सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि सगळ्यांच्या नजरेत तेवढी एकच विनंती होती. पण पोस्टातल्या माणसाच्या घरी चुकीच्या पत्त्यावर आलेली वस्तू ठेवून घेत नाहीत.

"हे पाणी आबांसाठी नाही," मी म्हणाले. "डोळ्यांत लेन्स आहेत, त्यांचं आहे."

मग पाण्याची वाटी जवळ ओढली आणि दोन्ही लेन्स काढून तिच्यात टाकल्या. अण्णांनी मान खाली घातली. आत्या म्हणाली, "झालं." आईनं, कुणी न सांगता, आतून माझा चष्मा आणून दिला.

तो लावून मी गोरखरावांकडे पाहिलं. पहिल्या सहा कार्यक्रमांतला एकही मुलगा मला दिसलेला नव्हता, त्यामुळे तुलनेला आकडेवारी उपलब्ध नाही. कान मोठे होते. शर्टाचं दुसरं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं शिवलेलं होतं.

"दिसतंय का आता?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय. बटण तुम्हीच लावलंत?"

"व्हय. पांढरा दोरा संपलाता." ते हसू आवरत होते. "बगून घ्या नीट. आमचं बगून झालंय."

सरुबाई मात्र वाटीकडे पाहत होत्या. "म्हंजी," त्या हळूच म्हणाल्या, "बापाचं काय न्हाईच का?"

प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. काय सांगावं याचा मी विचार करू लागले. आबा पावसातून घरी आले की आधी माझा चष्मा मागून घ्यायचे, कोरड्या रुमालानं दोन्ही काचा पुसून द्यायचे आणि मग स्वतःची भिजलेली टोपी काढायचे. एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं आणि ते सांगता आलं नाही.

लेन्स काढल्यावर डोळ्यांतलं पाणी पाच मिनिटांत थांबतं, असं डॉक्टरांच्या कागदात छापलेलं आहे. भिंतीवरच्या घड्याळात मी पाहिलं, तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. चहा दोनदा गार झाला होता. कुणी उठलं नव्हतं.

"आरं गोरख," सरुबाई शेवटी म्हणाल्या, "येखादं ऱ्हायलंय का काय आत?"

गोरखरावांनी वाटी उजेडात धरली. सरकारी नजरेनं दोन वेळा तपासली. "न्हाई आये," ते म्हणाले. "दोनी हितंच हायती."

"चला," आत्या म्हणाली. "रडली येकदाची."

लग्न वैशाखात आहे, चष्म्यासह. लेन्स डबीत आहेत. त्या मी वाचनालयाला सुट्टी असेल त्या दिवशी वापरते, म्हशी पाहायला. समिती विसर्जित झाली.

आत्याचं ते 'रडली येकदाची' वाचून तुम्हालाही हायसं वाटलं असेल, तर संकोचू नका. विसर्जित समितीच्या वतीनं तुमचेही आभार. मुलगी रडते की नाही, यावर तुम्ही इतका वेळ बारीक लक्ष ठेवून होतात आणि तुमची खात्री पटली. फक्त जे गेले, त्या माणसाचं नाव या पानांत कुठेही आलेलं नाही (आबा ही घरातली हाक झाली). सरुबाईंनी ते निदान निघताना, चप्पल घालता घालता, विचारलं. तुम्ही अजून विचारलेलं नाही.