दोरीच्या आतली छत्री

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर पाण्याचा एक थेंब पडला. दोन वाजून अकरा मिनिटांनी दुसरा.

दोन वाजून नऊ मिनिटांनी मी माझ्या मेव्हण्याला म्हणालो होतो, "एकशे चाळीस वर्षं झाली, हे छत एकदाही गळलेलं नाही."

चाळीस वर्षं मी गावच्या दैनिकात बातमीदार होतो. वेळा माझ्या चुकत नाहीत. बाकीचं चुकतं.

ओहायोतल्या आमच्या गावाने देशाला एक राष्ट्राध्यक्ष दिला. देश त्यांना विसरला, आम्ही नाही. मेव्हणा एल्डन इंडियानात छपरं घालण्याचा धंदा करतो. त्याच्या गावातही एका राष्ट्राध्यक्षांचं घर आहे, आणि ते त्याने मला तीनदा हिंडवून दाखवलेलं. म्हणून धो धो पावसातही मी त्याला आमच्या राष्ट्राध्यक्षांचं घर, म्हणजे आताचं संग्रहालय, बघायला ओढत नेलं. डोक्यावर त्यानेच नाताळला पाठवलेली भली मोठी पिवळी छत्री होती, तिच्यावर त्याच्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर.

मला त्याला अभ्यासिकेतलं पत्र दाखवायचं होतं. राष्ट्राध्यक्षांनी बायकोला लिहिलेलं, अर्धवट राहिलेलं, जसंच्या तसं टेबलावर ठेवलेलं, भोवती पितळी खांबांना दोरी लावून. शेवटची ओळ अशी: 'तुझ्या भावाला मी सरकारी नोकरी देणार नाही, कारण तो'. पुढे कोरं. असा माणूस होता. घरच्या पत्राला सरकारी तिकीटसुद्धा लावत नसे.

दुसरा थेंब त्या पत्रापासून चार बोटांवर पडला. शाई जुनी. एक थेंब पुरे होता.

"छत गळतंय," एल्डन म्हणाला. एवढ्या समाधानाने बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, पत्र उचला!" मी ओरडलो.

व्हर्ना बाई तिथे एकतीस वर्षं विनावेतन माहिती सांगतात. त्याआधी चौथीत त्या मला शिकवायला होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. "दोन नियम आहेत, ड्वाइट. दोरी ओलांडायची नाही. वस्तूंना हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

ही नुसती धमकी नव्हे. एकदा एका गव्हर्नरच्या पत्नीचं कर्णफूल टेबलाखाली घरंगळलं होतं. ते अजून तिथेच आहे.

बाईंनी संग्रहालयाच्या प्रमुखांना फोन लावला. त्या दोन तासांवर बैठकीला गेलेल्या. म्हणाल्या, दोरीच्या आत कुणी जायचं नाही, पाचपर्यंत येते.

मी दोरीबाहेरून हात लांब करून छत्री पत्रावर धरली. चार मिनिटांत माझा खांदा निखळायला आला. मग पेनसिल्व्हेनियाच्या एका जोडप्याने धरली, मग एका बसचालकाने. एल्डन घड्याळ लावून पाळ्या सांगत होता. मागून आलेल्या लोकांना वाटलं, हा कार्यक्रमच आहे. ते रांगेत उभे राहिले. बाईंनी माहिती सांगणं थांबवलं नाही.

चौथ्या पाळीला छत्री डगमगली. एक थेंब पत्राच्या कडेपासून बोटभर अंतरावर पडला. बाई बोलता बोलता थांबल्या.

"दोरी ओलांडायची नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "पण ती कुठे असावी हे कुठेही लिहिलेलं नाही."

आणि त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंनी दोरीचे पितळी खांब स्वतः सरकवायला सुरुवात केली. प्रत्येक खांब दोन फूट आत. मग आणखी दोन फूट. शेवटी दोरीच्या आत फक्त टेबल आणि ते कर्णफूल उरलं. टेबलाला चिकटलेल्या खांबाला त्यांनी आपल्या गळ्यातल्या रुमालाने छत्री बांधली. नियम एकही मोडला नव्हता. राष्ट्राध्यक्ष असते तर त्यांनी बाईंना मंत्री केलं असतं.

पाच वाजून चार मिनिटांनी प्रमुख आल्या. पत्र कोरडं. त्यांनी बाईंचा हात बराच वेळ हातात धरला.

"गाडीत शिडी आहे," एल्डन म्हणाला. "छपराचा एक पत्रा सरकलाय. दहा मिनिटांचं काम."

"समितीची मंजुरी लागेल," प्रमुख म्हणाल्या. "बैठक सप्टेंबरात. तोपर्यंत दोरीच्या आतलं काहीही हलवायचं नाही."

"छत्री माझी आहे," मी म्हणालो.

"दोरीच्या आत आहे," व्हर्ना बाई म्हणाल्या.

आज शनिवार, सकाळचे साडेनऊ. पाऊस चालू आहे. पत्र कोरडं आहे. छत्री उघडीच आहे, एल्डनचा फोन नंबर लोकांकडे तोंड करून. खाली कार्ड लागलंय: 'छत्री. स्थानिक नागरिकाकडून. हात लावू नये.' काल मी ती जरा न्याहाळायला वाकलो, तर बाई म्हणाल्या, "मागे हो, ड्वाइट." मी मागे झालो, आणि भिजत घरी आलो.

एल्डनला आमच्या गावातून तीन गिऱ्हाइकांचे फोन आलेत. दुसरी छत्री पाठवू का, असं त्याने विचारलंय.