चौथ्या नंबरचा मान

बेसबॉल या विषयावर अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात माझ्याएवढा अभ्यास कुणाचा नाही! हे मी गर्वानं सांगत नाही, हिशेबानं सांगतो. माझ्या माहितीप्रमाणे जिल्ह्यात या खेळाचा अभ्यास करणारे आम्ही दोघंच. एक मी, अभिनंदन, चष्म्याचा दुकानदार. दुसरे केरबा सर, शाळेत खेळ शिकवून रिटायर झालेले. त्यातले सर मला मानत नाहीत आणि मी सरांना मानत नाही. आता हे मी लिहितोय म्हटल्यावर पहिला नंबर माझाच की!

आमचं गाव फुटबॉलवेडं. पण आमच्या गल्लीच्या मंडळाला सरांनी बेसबॉलचा नाद लावला. अमेरिकेतले सामने आपल्याकडं सकाळी दिसतात. मी पोहे खाता खाता ते मोबाइलवर बघायचो आणि दुकान उघडायच्या आधी सरांच्या कट्ट्यावर भांडायला जायचो.

"आजऱ्याचा ऋतुराज डावखुरा पिचर हाय, बॉल टाकण्यात एक नंबर. त्याला संघात घ्या!" मी म्हणायचो.

"त्याचं येण्याजाण्याचं भाडं कोण देणार? तुम्ही?"

"मग इचलकरंजीवाले आपल्याला धुणार बघा!"

"तुम्ही गप चष्मे विका की!"

शेवटी एसटीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण एवढ्या करारावर ऋतुराज आला. जेवणात तो मंडळाला फार महाग पडला, पण ते जाऊ द्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भित्रा आहे. कुत्रं, लिफ्ट, इंजेक्शन आणि मोठ्यानं बोलणारा माणूस, या सगळ्यांना मी भितो. कोल्हापुरात राहून मोठ्यानं बोलणाऱ्याला भ्यायचं म्हणजे माणसाचे किती हाल होत असतील ते तुम्हीच ठरवा!

तर रविवारी इचलकरंजीशी सामना होता आणि गुरुवारी सरांना ताप आला. बॅटिंग ऑर्डर ठरवायचं काम माझ्यावर आलं. मला आकाशच ठेंगणं झालं! अमेरिकेतले मोठे मोठे कोच काय करतात ते मला पाठ होतं. पहिले तिघे चपळ ठेवायचे. त्यांनी कसंबसं तिन्ही बेसवर, म्हणजे मैदानाच्या तीन कोपऱ्यांवरच्या थांब्यांवर, जाऊन उभं राहायचं. मग चौथा, संघातला सगळ्यात ताकदीचा गडी, त्यानं एकच टोला हाणून सगळ्यांना घरी, म्हणजे बॅट मारतात त्या चौथ्या कोपऱ्यावर, आणायचं. घरी पोचला की एक रन. म्हणून चौथा नंबर म्हणजे संघाचा राजा!

आमचा राजा होता विजयसिंह. पैलवान गडी, त्यानं मारलेला बॉल परत आणायला मोटरसायकल लागायची. मी तालमीच्या फळ्यावर खडूनं त्याचं नाव चार नंबरला लिहिलं. पहिल्या नंबरला पिराजी. पिराजी वाऱ्यासारखा पळायचा. बाकीच्या वेळी तो विजयसिंहाच्या घरची म्हसरं धुवायचा. हात झटकून मी घरी आलो आणि चहा मागितला.

चहाऐवजी माझी बायको त्रिशला बाहेर आली.

"अहो, फळ्यावर काय लिवून आलाय?"

"बॅटिंग ऑर्डर. का गं?"

"आकारामतात्या फळ्यापुढं उभं हाईत. कधीपासनं. बोलंनात, हलंनात. नुसतं बघाय लागल्यात."

मी आधी दाराला कडी लावली. आकारामतात्या म्हणजे विजयसिंहाचे चुलते. जोतिबाच्या यात्रेत देवाच्या निशाणाची भली मोठी सासनकाठी एकट्यानं कमरेवर तोलून नाचवणारा माणूस!

"आणि म्हणाले, सकाळी चष्मेवाल्याला भेटायला दुकानात येतो," त्रिशलानं सांगितलं. "काय करून ठेवलंय तुम्ही?"

काय केलंय ते मलाही कळेना. पण सकाळी मी दुकान उघडलं नाही. सरळ बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, गेलो आणि देवापुढं बसलो. एरवी पाच मिनिटांत बाहेर पडणारा मी, त्या दिवशी उठेचना! आजूबाजूची म्हातारी माणसं कौतुकानं बघायला लागली. एकानं तर "दीक्षा घेताय की काय?" म्हणून विचारलं. खरं सांगतो, तोही विचार मनात येऊन गेला.

शेवटी भूक लागली म्हणून बाहेर आलो, तर माझ्या चपलांशेजारी आकारामतात्या उभे! माझ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो खांदा तेवढा खाली गेला.

"चष्मेवाले, आमच्या घराण्यात काय खोट हाय का?"

"न्हाय हो तात्या! कोण म्हणतंय?"

"जोतिबाच्या डोंगरावर मिरवणुकीत आमच्या काठीचा नंबर मागं सारलेला. आमच्या आज्ज्यानं जन्मभर भांडून त्यो फुडं आणला. आणि तुम्ही आमच्या पोरापुढं खडूनं चार लिवता? चार? आणि एकावर कोण, तर आमची म्हसरं धुणारा पिराजी!"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी लिहिली होती बॅटिंग ऑर्डर आणि गल्लीनं वाचला होता मानाचा क्रम! मी घाईघाईनं बेस, टोला, रन सगळं समजावून सांगितलं. तात्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. खांद्यावरचा हात मात्र मानेकडं सरकला. त्या भीतीत मला एकदम सुचलं!

"तात्या, पालखी निघती तवा सगळ्यात फुडं कोण असतंय?"

"वाजंत्री."

"त्यांच्या मागनं?"

"चोपदार. मग देवावर सावली धरणारा अब्दागिरीवाला."

"आणि मग?"

तात्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. "मग पालखी!"

"आता मोजा की! वाजंत्री एक, चोपदार दोन, अब्दागिरी तीन आणि चौथी पालखी! आपला विजयसिंह म्हंजे पालखी हाय तात्या! फुडचे तिघं नुसते वाट मोकळी करायला!"

तात्यांनी मला कडकडून मिठी मारली. बरगडी अजून दुखते. पण मी वाचलो होतो!

वाचलो ते दुपारपर्यंत. तात्यांनी ही गोष्ट गल्लीत ज्याला त्याला सांगितली आणि अख्खा संघ पेटला. पिराजीची आई आमच्या दारात येऊन ओरडायला लागली, "माझ्या लेकाला वाजंत्री म्हणालाय व्हय? कुठाय त्यो?" तिसऱ्या नंबरच्या ऋतुराजनं कळवलं, मला अब्दागिरी केलं तर मी संध्याकाळच्या एसटीनं आजऱ्याला जातो. बाकीच्यांनीही चौथाच नंबर मागितला. नवव्या नंबरच्या गड्याचं तर म्हणणं होतं, की पालखीच्या एवढ्या मागं फक्त म्हाताऱ्या चालतात! मी कॉटखाली होतो. त्रिशला दारात उभी राहून "ते घरात न्हाईत" म्हणून सांगत होती.

"अहो, खोटं बोलून मला पाप लागायलंय," ती मधूनच वाकून म्हणाली.

"त्यातलं अर्धं मी घेतो. तू बोल!"

अंथरुणातून सरांचा फोन आला. "अभिनंदन, बेसबॉलमध्ये पालखी कधीपासनं आली?" मी फोन ठेवला. ऑर्डर बदलावी तर तात्या, न बदलावी तर आठ जणांचा संघ. आठांपेक्षा तात्याच जड वाटले. ऑर्डर तशीच राहिली.

रविवारी मैदान भरलं. आठही जण कुरकुरत का होईना, उतरले. तात्या हलगीवाले घेऊन आले. विजयसिंहाच्या डोक्याला फेटा होता. सुरुवातीच्या दोन पाळ्यांत त्याला चार-चार वाईट बॉल पडले. तसं झालं की पहिल्या बेसवर फुकट जायला मिळतं, पळावं लागत नाही. तो सावकाश चालत गेला, हलगी वाजली, आणि पुढचं संकट कुणाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही!

शेवटची इनिंग आली. आम्ही दोन रननी मागं. आमचे दोघे आउट झालेले, आणखी एक गेला की खेळ खलास. पण तिन्ही बेसवर पिराजी, ऋतुराज आणि मधला एक, असे आमचे तिघे उभे! अगदी माझ्या मनात होतं तस्संच! आणि आता विजयसिंह बॅट घेऊन निघाला. माझी छाती एवढी धडधडत होती, की शेजारचा म्हणाला, "पावणं, पाणी देऊ?"

विजयसिंहानं टोला हाणला. बॉल पार कुंपणाच्या भिंतीला जाऊन आदळला! पिराजी सुसाट घरी आला. त्याच्या मागून दुसरा आला, तिसरा आला. जिंकलो! मी खुर्चीवर चढून ओरडलो, "विजू, पळ! पहिल्या बेसवर पळ!"

विजूनं बॅट खाली ठेवली. फेटा सारखा केला. चारी बाजूंना हात जोडले. आणि एकेक पाऊल टाकत, हलगीच्या तालावर, निघाला चालत! कडेनं तात्या गुलाल उधळत होते.

"तात्या, त्याला पळायला सांगा की!" मी किंचाळलो.

"आवो, पालखी कधी पळती व्हय?" तात्या हसून म्हणाले.

इचलकरंजीचा गडी भिंतीपाशी पडला, उठला, बॉल शोधला, पुसला आणि पहिल्या बेसवर फेकला. बॉल तिथं पोचला तेव्हा पालखी बेसपासून चार पावलांवर होती. आउट! मारणाराच पहिल्या बेसवर पोचायच्या आत तिसरा आउट झाला, तर त्या टोल्यावर आलेला एकही रन धरत नाहीत. तिघांचं धावणं पाण्यात गेलं. आम्ही हरलो.

मी गुपचूप खुर्चीवरून उतरत होतो, तेवढ्यात तात्यांनी माइक घेतला.

"मंडळी! हरलो तर हरलो, पण आपला मान ऱ्हायला! आणि ही अक्कल दिली कुणी? आपल्या चष्मेवाल्या अभिनंदनशेठनी! शाल आणा!"

संघातल्या आठ जणांच्या माना माझ्याकडं वळल्या. त्यातल्या तिघांच्या हातात बॅटी होत्या. नाही म्हणावं तर तात्या जीव घेणार, हो म्हणावं तर संघ घेणार! शाल खांद्यावर पडली तशी मी ती डोक्यावरून पुढं ओढली, वाकलो आणि बायकांच्या गर्दीत घुसलो. फाटक समोर दिसत होतं. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं.

पिराजीची आई! तिचा चष्मा दुरुस्तीला माझ्याच दुकानात पडून होता, आणि दुकान मी भीतीनं बंद ठेवलेलं. तिच्या दुसऱ्या हातात चप्पल होती.

"बाई गं, मला काय दिसंना झालंय. जरा हात धर. त्यो मेला चष्मेवाला कुठं गावतोय का बघूया."

मग काय करणार? त्या माउलीचा हात धरून मी मैदानाला दोन चकरा मारल्या, मलाच शोधत!