पोटफुगी झालेला ड्रॅगन

"ती आग नव्हं सर, पोटफुगी हाय." कॉम्प्युटरच्या पडद्यावर आग ओकणाऱ्या ड्रॅगनवर बोट ठेवून डॉक्टर साळव्यांनी निदान केलं. "गॅस कोंडलाय बिचाऱ्याला. कुणीतरी गोडंतेल पाजा."

साळवे जनावरांचे डॉक्टर. कर्जत तालुक्यातल्या गायी-म्हशींत हयात घालवून ते निवृत्त झाले आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आमच्या गल्लीतला पहिला कॉम्प्युटर त्यांच्या घरी आला. पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, मिलिंदनं, तो जोडून दिला आणि जाताना त्यात एक खेळ घालून गेला. खेळ कसला, अख्खा मुलूखच तो. जंगलं, किल्ले, चेटकिणी, राक्षस. आपण एक फाटका शिपाई व्हायचं आणि वाटेल तिकडं हिंडायचं.

डॉक्टर त्या मुलखात असे रमले की तिथल्या प्रत्येक राक्षसाची प्रकृती त्यांना पाठ झाली. अमका डाव्या पायानं लंगडतो, तमक्याला खरूज आहे. त्यांच्याकडं चहाला आलेला माणूस शिकवणी घेतल्याशिवाय सुटायचा नाही. पोस्टमन सुटला नाही, मी तर शेजारचा मास्तर.

पहिल्याच दिवशी मी तलवार उपसून थेट जंगलात शिरलो आणि लांडग्यानं मला जागीच संपवलं. डॉक्टरांना माझ्यापेक्षा लांडग्याचीच दया आली.

"घाबरलं हुतं जनावर! हत्यार मागनं काढायचं सर. आधी गावात फिरा, माणसांशी बोला, कोन कुठं ऱ्हातं बघा. नव्या गावात गेलो की मी काय पहिल्यांदा सुई काढायचो व्हय?"

"मग काय करायचात?"

"चहा प्यायचो."

त्यांचे बाकीचे नियमही याच चालीवर. मोठ्या राक्षसाच्या वाटेला जायचं नाही, त्याला बघून ठेवायचं. जड सामान उचलायचं नाही, बैलसुद्धा बसतो. आणि खेळ सारखा सेव्ह करायचा, कारण त्या मुलखात राजा कुणीही असो, लाईट कर्जतचीच होती. एकदा किल्ल्याच्या दारात पोचलो आणि लाईट गेली. मी कपाळावर हात मारला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाई कुनाला हाय?"

घाई खरंच नव्हती. मिलिंद घरी फारसा येत नसे. डॉक्टरांनी त्याला जनावरांच्या डॉक्टरकीला घातलं होतं, ते मध्येच सोडून तो कॉम्प्युटरकडं वळला. तेव्हा बापलेकांचं जे वाजलं, त्यानंतर दोघांचं बोलणं 'बराय ना?' आणि 'बराय'वर आलं होतं. दर रविवारी एसटीडी बूथवरून साळवेवहिनी मुलाशी बोलायच्या. डॉक्टर बाहेर उभे राहून चष्मा पुसायचे.

एका रविवारी वहिनी माहेरी, पुणतांब्याला गेल्या होत्या. दुपारी डॉक्टर माझ्या दारात आले.

"सर, फोन लावायचाय. चला की बरोबर."

बूथमध्ये इतकं उकडत होतं की त्यांनी दार उघडंच ठेवलं. नंबर लागला.

"बराय ना?" डॉक्टरांनी विचारलं. पलीकडून उत्तर आलं असावं. डॉक्टर रिसिव्हर या कानावरून त्या कानावर नेत राहिले. मला वाटलं, आता ठेवतात.

"मिलिंद," ते एकदम म्हणाले, "त्यो तुझा खेळ... मला काय जमत न्हाई बघ. सुरुवातच कळंना. घोडा कुठनं घ्यायचा म्हनं?"

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. खेळातल्या मुलखात या माणसाच्या तबेल्यात तीन घोडे होते आणि तिघांचे खूर ते दररोज तपासत होते.

पलीकडचा आवाज मला बाहेरसुद्धा ऐकू येऊ लागला. मिलिंद सांगत होता, थांबत होता, हसत होता, पुन्हा पहिल्यापासून सांगत होता. डॉक्टर डोळे मिटून मान डोलवत होते. "आसं व्हय!", "आरं तिच्या!", "थांब थांब, हळू सांग, मला म्हाताऱ्याला."

बाहेर आल्यावर खिशात रुमाल असताना त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"लई बोललं पोरगं आज," ते म्हणाले.