सरकारी बॅटरी मरत नाही

ड्रिलच्या दमलेल्या बॅटऱ्या नव्याने बांधून देणाऱ्या काकींच्या गाळ्याला सील ठोकण्यासाठी साहेब, कारकून आणि स्क्रू मारायचं एक यंत्र असे तिघे सकाळी अकरा वाजता हजर झाले. नवऱ्यामागे काकींनी सगळं घर याच गाळ्यावर ओढलं होतं.

गुन्हा गंभीर होता: मृत बॅटरीस विनापरवाना जिवंत करणे. परवान्याला बॅटरीच्या मृत्यूचा दाखला लागतो. काकी तोही मागायला गेल्या होत्या. कचेरीच्या खिडकीवर बॅटरीचा पॅक उघडून दाखवला. आत दहा सेल, दोन गेलेले, आठ ठणठणीत.

"आठ जिवंत असताना दाखला कसा देऊ?" याच कारकुनाने विचारलं होतं.

"मग जिवंत आहे असं लिहून दे, बाबा."

"जिवंत आहे तर दुरुस्ती कशाला?"

काकींनी पॅक उचलला आणि गाळ्यावर येऊन दोन सेल बदलले. हाच तो गुन्हा.

साहेबांनी हुकूम वाचला. दारावर लोखंडी पट्टी आडवी धरली. दोन स्क्रू बसले, तिसऱ्याला यंत्राने घुर्र केलं आणि मान टाकली.

"हाताने पिळा की. मनगटं घरी ठेवून आलात?"

"हुकमात 'यंत्राने' असं लिहिलंय, काकी."

नव्या बॅटरीच्या मंजुरीला आठ महिने लागणार होते. सील तर आजच लागायला हवं होतं. साहेबांचा आवाज मऊ झाला. "काकी, जरा बघता का?"

"मी? आणि मृत्यूचा दाखला?"

"सरकारी बॅटरी मरत नाही, काकी. रजेवर जाते."

काकी तोंड भरून नाही म्हणणार, तेवढ्यात कारकून पुटपुटला, "राहू द्या, साहेब. पलीकडचा मिस्त्री म्हणाला, हा पॅक आता कुणाच्या बापाला जमणार नाही."

"बापाला नसेल जमत. सरका!"

काकींनी दारावरचे स्क्रू स्वतःच्या हाताने काढले. साहेबांना स्टुलावर बसवलं. एकेका सेलला मीटर लावला, तीन मेलेले काढले, उरलेल्या सातांच्या जोडीला शोभतील असे तीन निवडून सेलांच्या पट्ट्या जोडल्या आणि पॅक चार्जिंगला लावला.

"जरा लवकर, काकी. पाचला सुटतो आम्ही."

"उरकून टाकायचं काम मी करत नाही."

साडेचारला सगळे बाहेर आले. पट्टी पुन्हा दारावर चढली आणि तिचे दहाही स्क्रू लोण्यात बोट जावं तसे गेले. आत काकींचा मीटर राहिला, चष्मा राहिला, गिऱ्हाइकांच्या चाळीस बॅटऱ्या राहिल्या. जमलेल्या गर्दीने टाळ्या वाजवल्या. काकींची मान ताठ झाली.

"आई, दार आपलंच होतं ना?" सुनेने हळूच विचारलं.

"दार गेलं गं. नाव गेलं का?"

टाळ्या वाजवणाऱ्यांत तुम्हीही होता, काकींनी बघितलंय. यंत्र आता तुमच्या गल्लीकडे निघालंय. ते मध्येच बंद पडेल या आशेवर राहू नका. काकींच्या कामाला दोन वर्षांची हमी असते.